हार तेवढा पिवळा

फोटोतलं काय नको ते अर्पिताला सांगावं, ती काढून देणार. विजेची तार, मागं उभी राहिलेली म्हैस, नवरदेवाच्या खांद्यावर पडलेला कुण्या पाव्हण्याचा हात, सगळं साफ. काही काढलंय असं कुणाला पटायचंसुद्धा नाही. कोपऱ्यात तडा गेलेला एक फोन आणि उजव्या हाताचं एक बोट एवढ्यावर तिचा कारभार चालायचा. सोनारीतच नाही, आसपासच्या पाच-सहा गावांत लग्न, बारसं, वाढदिवस काही असलं तरी फोटो आधी तिच्याकडं यायचे. बाई मिजाशीची मात्र होती. येडशीला रामलिंगच्या जंगलात काढलेला फोटो घेऊन एक नवं जोडपं आलं आणि म्हणालं, आमच्या मागं बर्फाचे डोंगर टाका. अर्पितानं त्यांना जवळजवळ परतवूनच लावलं. एवढं हिरवं रान मागं असताना बर्फ कशाला पायजे, असं म्हणून तिनं त्यांच्याच फोटोतलं ऊन जरासं कोवळं केलं, झाडांच्या सावल्या गडद केल्या आणि हातात दिला. जोडपं बघतच राहिलं. चेहरा गोरा करून मिळणार नाही हेही ती पहिल्याच बोलण्यात सांगून टाकायची.

आता तिला स्वतःच्या दुकानाला गाळा हवा होता. परंड्याच्या स्टँडाजवळ शिवलिंगप्पांचा एक गाळा रिकामा झाला होता. समोर रहदारी, आत उजेड चांगला. तिनं मनातल्या मनात पाटीसुद्धा लावून टाकली होती. पण शिवलिंगप्पा जुन्या वळणाचे. पोरीचा शब्द त्यांना पुरेना. तुझ्या तात्यांनी येऊन जबान द्यावी, म्हणाले, आणि रविवार संध्याकाळपर्यंत द्यावी. दुसरा माणूस दारात उभा आहे.

आणि तात्या काही जबान देईनात. बब्रुवान तात्या म्हणजे तसा गावातला सरळ माणूस. पोरीला शिकवलं, कधी हात उगारला नाही. पण ह्या एका बाबतीत त्यांची गाडी अडली होती. एकदा फोटो काढला की तो झाला, त्यात पुन्हा कसली कारागिरी, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवस अर्पितानं समजावलं. तिची आई कमलबाई मधे पडली. तात्या भाकरी मोडत ऐकून घ्यायचे आणि हात धुऊन उठायचे.

मग अर्पितानं ठरवलं, तोंडानं सांगणं बास. आता करूनच दाखवायचं.

शनिवारी तशी संधी चालून आली. जत्रेत येणाऱ्या लोकांना तात्या गेली कित्येक वर्षं आपल्या विहिरीचं पाणी स्वतः उभं राहून पाजायचे. त्याबद्दल गावानं त्यांचा काळभैरवाच्या देवळापुढं सत्कार केला. झेंडूचा जाडजूड हार घातला. हार तसाच गळ्यात ठेवून तात्या घरी आले आणि टेकले उंबऱ्यावर. दिवस मावळतीला लागलेला. ऊन आडवं येऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं, अर्धा चेहरा सावलीत. अर्पितानं तिथल्या तिथं फोटो टिपला. तात्यांना कळलंही नाही.

रविवारी सकाळी तात्या वैरणीला रानात गेले आणि ही फोटो घेऊन बसली. आधी मागची भिंत अंधारात ढकलली. मग कपाळाच्या आठ्या, डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या एकेक करून उजेडात आणल्या. लोक सुरकुत्या पुसून घेतात, हिनं त्या कोरल्या. तरी फोटो बोलेना. रंग फार होते, नजर कुठं ठरत नव्हती. मग तिनं सगळ्या फोटोतला रंगच काढून घेतला. काळा, पांढरा आणि मधले राखाडी. फक्त हारावरून बोट फिरवत, फोटो मोठा करून पाकळी न् पाकळी सांभाळत, तेवढाच पिवळा परत आणला. तात्यांच्या डोक्यामागं हलकीशी प्रभा सोडली. बघितलं आणि तिचा तिलाच अभिमान वाटला. असं काम तालुक्यात कुणाच्यानं व्हायचं नाही, ह्याची तिला खातरी होती.

फोटो स्टेटसला टाकला. खाली काय लिहावं ह्याचा फार विचार केला नाही, मनात आलं ते लिहिलं: ‘असा माणूस पुन्हा होणे नाही.’ आणि फोन विमान मोडवर टाकून एका नवरीचा फोटो करायला घेतला. ही तिची रीतच होती. बारीक काम चालू असताना कुणाचा फोन आला की बोट हलायचं आणि सगळी मेहनत मातीत जायची.

दीडएक तास गेला असेल. बाहेर कुणीतरी मोठ्यानं गळा काढला.

शेजारच्या गजराबाई होत्या. पदर तोंडाला, डोईवर दुरडी, दुरडीत झाकलेलं पिठलं-भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणीनं आणायचं ते. त्यांच्या मागं गल्लीतल्या आणखी बाया, बायांच्या मागं टोप्या काढून हातात घेतलेले बाप्ये. कमलबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं, दुरडीकडं बघितलं आणि सूप हातातून सुटलं.

“कवा?” एवढंच त्या म्हणाल्या आणि जाग्यावर बसल्या.

अर्पिता बाहेर धावली तोवर आईच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं. तात्या सकाळीच रानात गेलेले, जवळ फोन नाही. विहिरीच्या कडंला पाय घसरला असंल का? साप? तिनं गजराबाईंचा हात धरला आणि कुणी सांगितलं म्हणून विचारलं. गजराबाई हुंदके देत म्हणाल्या, सांगायला कशाला पायजे, तूच तर टाकलास की फोटो. हार घातलेला.

तेव्हा अर्पिताच्या डोक्यात उजेड पडला. काळापांढरा चेहरा, डोक्यामागं प्रभा, गळ्यात पिवळा हार आणि खाली पुन्हा होणे नाही. ज्या गावात माणूस गेला की दोन तासांत असाच फोटो चौकात लागतो, त्या गावात तिनं जित्या बापाचा फोटो तसा करून शे-दोनशे लोकांना दाखवला होता. एवढी हुशार म्हणवणारी आणि अक्कल कुठं गहाण पडली होती, असं तिनं स्वतःलाच विचारलं.

ती आईपुढं गुडघ्यांवर बसली. “आई, तात्या धडधाकट हायत. म्या फोटो केला नुसता. माझी चूक झाली.”

कमलबाईंनी ऐकलं. पण बाई हलली नाही. कान ऐकत होते, जीव काही ऐकायला तयार नव्हता. लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी हसलं, कुणी टोपी घालू की नको ह्या पेचात पडलं. गजराबाईंना दुरडीचं काय करावं कळेना. त्यातच शिवलिंगप्पांची मोटरसायकल येऊन थांबली. परंड्याहून जेवण टाकून आले होते बिचारे. अर्पितानं त्यांना बघितलं आणि मनात म्हणाली, संपलं. बापाला जितेपणी मारणाऱ्या पोरीला कोण गाळा देतंय.

तेवढ्यात डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन तात्या आले. एवढी माणसं दारात बघून भारा तिथंच टाकला. “कोन गेलं?”

शिवलिंगप्पांनीच आपला फोन पुढं केला. तात्यांनी डोक्याचं धडपं काढून हात पुसले, फोन धरला आणि डोळे बारीक करून बघत राहिले. आता भडका उडणार म्हणून अर्पिता मान खाली घालून उभी होती. पण तात्यांच्या आधी कमलबाई बोलल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

“ह्यात रंग भर. आत्ताच्या आत्ता. माझ्या डोळ्यांम्होरं.”

अर्पिता आपला फोन घेऊन आईला खेटून बसली. फोटो तिनं एकावर एक थरांत केला होता, वरचा राखाडी थर खरवडला की खालचा रंग तिथंच होता. एका बोटात सगळा रंग एकदम आणता आला असता. तिनं तसं केलं नाही. आईला विचारलं, कुठून सुरू करू? कपाळापासून, कमलबाई म्हणाल्या. मग अर्पितानं कपाळावरून बोट फिरवलं आणि तिथं सत्काराचा गुलाल उमटला. गालावरून फिरवलं, उन्हानं रापलेला तांबूस रंग आला. माणसं पुढं सरकली, वाकली. पटका आला, लाल. सदऱ्याचा पांढरा वेगळा आणि मिशीचा पांढरा वेगळा, हे तिनं दोन्ही राखलं. डोळ्यांपाशी आली तेव्हा बोटाचं टोक लावून श्वास धरून काम केलं. कमलबाई एकदा फोटोकडं बघत होत्या, एकदा समोर उभ्या नवऱ्याकडं, आणि दोन्ही जुळतायत अशी खातरी पटेल तसतसा त्यांचा श्वास खाली येत होता. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तात्याही मागं उभे राहून सगळं बघत होते. पोरीचं काम त्यांनी आजवर एकदाही जवळून बघितलं नव्हतं.

“शिवलिंगप्पा,” तात्या म्हणाले, “तुमी फोटोवर इश्वास ठिवून एवढ्या लांबून आलाव न्हवं?”

शिवलिंगप्पा म्हणाले, रस्ताभर डोळ्यांम्होरून हलत नव्हता हो. आठ वर्षांची वळख, पण तुमचं तोंड म्या आज नीट बघितलं.

“मग गाळा पोरीचा. ही माझी जबान.” तात्या हे बोलले आणि कडब्याचा भारा उचलायला वाकले.

अर्पिताला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग बाहीनं नाक पुसलं आणि पहिलं काम, विमान मोड बंद करून जुनं स्टेटस काढून टाकलं. रंगीत फोटो लावला. खालची ओळ लिहायला मात्र ह्या वेळी तिचा हात पुढं होईना. आज शब्दांनीच घात केला होता. तिनं तात्यांनाच विचारलं, काय लिहू?

तात्यांनी भारा डोक्यावर चढवला. “लिही, हाय अजून.”

तिनं तेवढंच लिहिलं. कमलबाईंनी फोन मागून घेतला, एकेक अक्षर लावून दोनदा वाचलं. मग पदरानं तोंड पुसून उठल्या, गजराबाईंची दुरडी त्यांची त्यांना परत दिली आणि सगळ्यांच्या चहासाठी चूल पेटवायला आत गेल्या.