दुपारची झोप

...हिरव्या चिकटपट्टीचे दोन तुकडे, एक आडवा, एक उभा, फरशीवर चिकटवलेले — आणि तेवढ्या जागेवर पाय पडू नये म्हणून सगळी माणसं वळसा घालून जात होती. दिव्याचा लोखंडी दांडा छातीशी धरलेला तो उंच माणूस, ज्याला स्वतःचे पायही दिसत नव्हते, तोसुद्धा नेमका तिथं आल्यावर पाऊल लांब टाकत होता. तिथं म्हातारा उभा राहणार होता. तिनं लिहिलेला म्हातारा. 'म्हातारा काउंटरपाशी येऊन थांबतो' हे वाक्य तिनं ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका बाजूला सारून लिहिलं होतं, आणि त्यातल्या 'थांबतो' या एका शब्दापायी मघाशी एक मुलगी गुडघ्यांवर बसून, दातांनी चिकटपट्टी तोडून, कॅमेऱ्याकडे मान वळवून विचारत होती, "इथं? का अजून जरा डावीकडे?"

मी लिहिलंय हे... कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण इथं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही काम होतं. काम नव्हतं ते फक्त तिला. लेखिकेला शूटिंगच्या जागी करण्यासारखं काहीच नसतं, हे तिला आज सकाळी कळलं. तिला एक खुर्ची दिली होती, ती तीनदा हलवावी लागली, आणि तिसऱ्यांदा ती आपण होऊनच उठली आणि चष्म्यांच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं. 'पंखा बंद आहे' असं तिनं लिहिलं होतं, म्हणून कोणी तरी पंखा बंद केला होता आणि एवढी सगळी माणसं घामाघूम झाली होती. तिच्या तीन शब्दांनी! तिला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली, पण हसू जास्त.

शब्दांनी माणसं हलतात याची तिला सवय नव्हती. गेली कित्येक वर्षं ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत आली होती. 'वापरण्यापूर्वी झाकण घट्ट बसल्याची खात्री करा.' 'ओल्या हातांनी बटणास स्पर्श करू नये.' तिची वाक्यं घराघरांत गेली होती आणि यंत्र बिघडेपर्यंत कोणी ती वाचली नव्हती. बिघडल्यावर वाचली तीही शिव्या देत. पन्नाशीला टेकल्यावर तिनं पटकथालेखनाच्या वर्गात नाव घातलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता वॉशिंग मशीनवर सिनेमा काढणार वाटतं?" वर्गात सगळी पोरं मुलीच्या वयाची. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, की पटकथा वर्तमानकाळात लिहायची, जे दिसतं तेवढंच लिहायचं, माणसाच्या मनात काय आहे ते लिहायचं नाही — आणि ती एकदम मोठ्यानं हसली होती. म्हणजे आपण आयुष्यभर पटकथाच लिहीत होतो की! फक्त त्यात माणसं नव्हती, मिक्सर होते.

दिग्दर्शिका त्याच वर्गातली. शेवटच्या बाकावर पाय वर घेऊन बसणारी. तिनं हिची पहिली पटकथा वाचली — त्यात रेल्वे स्टेशन होतं, लग्नाची वरात होती, शेवटी धो धो पाऊस होता — आणि शांतपणे विचारलं, "ताई, यातला पाऊस कोण पाडणार?" मग वरात गेली. स्टेशन गेलं. निर्मात्यांकडून, संस्थांकडून, स्पर्धांमधून 'आपला प्रयत्न स्तुत्य आहे' अशी उत्तरं येत गेली तसतसं एकेक गळत गेलं, आणि शेवटी उरलं ते एवढंच: चष्म्याचं एक दुकान, एक बाप, एक मुलगा, दुपार. दिग्दर्शिका म्हणाली, "हे करू. आपणच करू. दुकान कुठं मिळेल?"

"दुकान आहे," ती म्हणाली होती. 

दुकान दादाचं होतं. त्याआधी बाबांचं. आणि गोष्टही...

दादानं क्षणभरही आढेवेढे घेतले नव्हते. "रविवारी बंदच असतं. घ्या."

"आधी वाचून तर बघ."

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात?"

त्या वेळी आपल्याला हायसं वाटलं होतं, हे ती अजून विसरली नव्हती.

तिनं पाहिलं होतं ते फक्त एकदा. कॉलेज लवकर सुटलं म्हणून ती दुकानावरून घरी निघालेली... मागच्या बाजूला पडद्याआड बाबा झोपलेले, आणि दादा चाकावर वाकून काच घासत होता. काच फ्रेमच्या मापाची करायची तर तिची कड चाकावर घासावी लागे, आणि ते काम फक्त बाबांचं; गिऱ्हाइकं त्यांच्या हातासाठी लांबून येत. पण शेजारी सकाळचा तयार चष्मा उघडून ठेवलेला होता, आणि बाबांनी त्यात बसवलेल्या काचेची कड दातांनी कुरतडल्यासारखी झाली होती. तिनं दादाकडे पाहिलं. दादानं ओठांवर बोट ठेवलं. नवी काच फ्रेममध्ये बसवली, बाबांची काच खिशात टाकली. बस्स. बाबांचा हात थरथरायला लागला होता आणि ते बाबांना कळू द्यायचं नव्हतं. त्याच वर्षी दादाला बाहेरगावी मोठ्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, तिथं तो गेला नाही. का गेला नाही ते घरात कोणी विचारलं नाही, आणि बाबा शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना ताठ मानेनं सांगत राहिले, "पाहिलंत? हात अजून तसाच आहे!"

तेच वाक्य पटकथेत शेवटी होतं, फक्त मुलाला उद्देशून. बाप अभिमानानं बोलतो, मुलगा खाली बघतो, बापाला काही माहीत नाही — सगळा डोलारा त्यावर उभा होता. आणि दादाला तिनं हे सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं तर सांगायचा प्रयत्न केला होता, दोनदा, पण फोनवर दादा लगेच "तब्येत कशी आहे?" विचारायचा आणि मग तब्येतीवरच बोलणं व्हायचं.

आज तो इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आला होता. शटर अर्धं वर करून दारात उभा होता, आणि कोणी डोकावलं की सांगत होता, "बंद नाही हो, शूटिंग आहे. लेखिका माझी धाकटी बहीण." किती वेळा! प्रत्येक वेळी तिचे कान गरम होत होते आणि प्रत्येक वेळी तिला ते पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

मग पहिला सीन झाला. म्हातारे नट चाकापाशी बसले आणि त्यांचा हात थरथरला — तिनं लिहिलं होतं तितकाच, जास्त नाही. दिग्दर्शिकेनं दादाला आदरानं कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या आपल्या छोट्या पडद्यासमोर बसवलं होतं, कानाला हेडफोन लावून. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती, शर्टाची इस्त्री दिसत होती. सीन संपला. त्यानं हेडफोन काढला, नीट घडी घालावी तशी वायर गुंडाळली, आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती त्याच्यामागे गेली नाही. जावं, नको, जावं... एकदा दारापर्यंत जाऊन परत आली. दादा रागावला असेल तर शटर ओढून घेईल. सगळी माणसं दिवे उचलून चालू पडतील. आणि तसं झालं तर त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. शेवटी ती दोन डबे घेऊन मागच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसली. त्यानं डबा उघडला. दोन घास खाल्ले.

"चिमे, मी काच खिशात टाकायचो ते तुला कधी दिसलं गं?"

"एकदाच. तू गप्प राहा म्हणालास."

"हं." तिसरा घास. "लक्षात ठेवलंस की मग चांगलं."

"दादा, तुला आवडलं नसेल तर मी अजूनही..."

"आवडायचं काय त्यात? झालं तसंच आहे. म्हातारा माणूसही चांगला शोधलात." मग तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिला. "एक सोडून."

"काय?"

"बाबा झोपायचे नाहीत."

तिला आधी कळलंच नाही.

"पडद्यामागे नुसते पडून असायचे. चाकाचा आवाज ऐकत. चाक थांबलं, की जरा वेळानं खोकायचे. मग उठायचे. मला आवरायला वेळ मिळावा म्हणून."

"हे तुला त्यांनी सांगितलं?"

"छे! ते कसले सांगतात."

"मग कशावरून?"

"त्यांना खोकला नव्हता गं कधी," दादा म्हणाला, आणि झाकण लावलं.

म्हणजे सगळंच... तिला वाटलं होतं दोघांपैकी एक फसत होता. दोघंही दुसऱ्याला फसू देत होते, वर्षानुवर्षं, रोज दुपारी, मध्ये एक पडदा धरून. आणि मी? मी एकदा डोकावून पाहिलं आणि समजले की मला सगळं दिसलं. जे दिसतं तेवढंच लिहायचं, म्हणे! तिला क्षणभर सगळी पटकथा त्या कुरतडलेल्या काचेसारखी वाटली. पण त्याच क्षणी तिच्या आत काहीतरी ताडकन उठून बसलं होतं, आणि ते लेखकाचं होतं, बहिणीचं नव्हतं. तिला त्याची किंचित भीतीही वाटली.

"दादा, हे घेऊ मी?"

"घे की. दुकान दिलं, आता खोकला कुठं मोजत बसू!"

दिग्दर्शिकेच्या कपाळावर आठ्या चढल्या. ऊन कलायच्या आत सीन व्हायला हवा होता. "ताई, आत्ता बदल? संवाद किती वाढतील?"

"एकही शब्द नाही."

"मग?"

"एक खोकला."

 दिग्दर्शिका म्हणाली, "मला सांगू नका. बापाचं काम करणाऱ्या काकांना सांगा. मुलाचं काम करणाऱ्याला तर मुळीच नको."

म्हातारे नट दुकानाच्या आरशात भांग पाडत होते. हौशी नाटकांत आयुष्य गेलेला माणूस; वाक्यं चोख, पाठांतर पक्कं. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि आरशातल्या त्यांना म्हणाली, "काका, त्या बापाला सगळं माहीत आहे."

कंगवा थांबला. "केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी झोपलेलो?"

"झोपत नाही तुम्ही. चाक थांबलं की थोडं थांबायचं, खोकायचं, मग उठायचं."

"आणि हात अजून तसाच आहे म्हणतो, ते?"

 उत्तर तिला बोलता बोलताच सापडलं. "मुलाला बरं वाटावं म्हणून म्हणता."

 काका कंगवा खिशात ठेवून पडद्यामागे जाऊन पडले.

चाक फिरत होतं. मुलगा वाकून काच घासत होता. चाक थांबलं. मग काहीच नाही... इतका वेळ काही नाही, की काका विसरले असं तिला वाटलं. आणि मग पडद्यामागून खोकला आला. लहानसा, कोरडा, जरासा खोटा. मुलाचं काम करणारा खरोखरच दचकला. हातातली काच त्यानं खिशात घातली आणि हात तिथंच राहिला, तो बाहेर काढायचं त्याला सुचलंच नाही. म्हातारा आला. काउंटरपाशी थांबला. मुलानं पुसून ठेवलेला चष्मा उजेडात धरून त्यानं बराच वेळ पाहिला — त्या काचेकडे, जी त्याची नव्हती. "पाहिलंस? हात अजून तसाच आहे." कालपर्यंतचं तेच वाक्य. तिनंच लिहिलेलं. आणि तरी तिनं ते आज पहिल्यांदाच ऐकलं.

'कट' म्हणायला उशीर झाला.  दिवा धरणाऱ्या त्या उंच माणसानं खांद्याला नाक पुसलं. दिग्दर्शिका छोट्या पडद्याकडे न बघता वळून तिच्याकडे बघत होती, आणि कपाटाला पाठ लावून उभ्या असलेल्या तिला वाटलं, आपण एकदम उंच झालो आहोत... सकाळचा अभिमान नव्हता हा. सकाळचा फुग्यासारखा होता, हसू आणणारा. हा पायांतून वर येत होता, जड, भरलेला. आयुष्यभर शब्द लिहिले, आणि आपलं सगळ्यात चांगलं लिखाण म्हणजे एक खोकला. तोही कागदावर नाही! तिला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि सांगायची मुळीच गरज वाटली नाही.

"दादा खूश होतील," दिग्दर्शिका जवळ येऊन म्हणाली. "सकाळी मी आल्या आल्याच विचारत होते, झोपेचा सीन जेवणाआधी आहे की नंतर."

"कोण, दादा?"

"हो. मी म्हटलं नंतर. म्हणाले, बरं झालं."

कोणी तरी बोलावलं म्हणून दिग्दर्शिका निघून गेली.

झोपेचा सीन... पटकथा न वाचलेल्या माणसाला झोपेचा सीन आहे हे कुणी सांगितलं? कुणाच्या हातातले कागद चाळले असतील सकाळी. किंवा आपण वहिनीला भेटायला गेलो होतो तेव्हा आपल्या पिशवीत पटकथा होती, ती पिशवी तासभर बाहेरच्या खोलीत पडून होती... की महिन्यांपूर्वीच? सगळं वाचून, सगळं ओळखून, त्यानं 'घ्या' म्हटलं? आणि मग रोज फोनवर नुसती तब्येत विचारत राहिला? खोकल्याचं सांगायला जेवणापर्यंत थांबला? बरोबर जेवणापर्यंत...

पंखा पुन्हा सुरू झाला. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता फडफडला. दारातून आवाज येत होता. कुणीतरी फ्रेम सैल झाली म्हणून आलं होतं, आणि दादा म्हणत होता, "उद्या या, आज शूटिंग आहे. लेखिका माझी बहीण. ती बघा, ती उभी आहे."

त्या माणसानं मान लांब करून आत पाहिलं. दादानंही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं होतं तेच होतं, त्यातून काहीच कळत नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं बहुधा तब्येत कशी आहे म्हणून विचारलं असतं. तिच्या ओठांवर प्रश्न आला होता. तो तिथंच राहिला. ती कपाटापासून पुढे आली, ताठ उभी राहिली, आणि दादाला नीट दिसावी अशी हसली — हे हसू आपलं आहे की त्याच्यासाठी केलेलं, ते तिला नक्की सांगता आलं नसतं, पण ऊर मात्र खरोखरच भरून आला होता.