सात दिवे आणि रश्मीकाकूंचा चहा

"चालू आहेत! सातच्या सात अजून चालू आहेत!"

महाराजांनी भगवं कापड ओढलं आणि हॉलमधली दीडशे माणसं खुर्च्यांवरून उठलीच. बाहेर उणे बावीस, दाराशी बुटांचा डोंगर, खुर्च्यांच्या पाठीवर जाडजूड कोट, आणि मधोमध लाल गालिच्यावर ऊर्जानाथ महाराजांचं 'अक्षय यंत्र'. दिसायला पितळेची एक पेटी. तिच्या पोटातून पितळेचाच जाड खांब थेट गालिच्यापर्यंत उतरलेला, त्याला महाराज 'मेरुदंड' म्हणत. वर जुन्या पद्धतीचे सात पिवळे बल्ब. ना वायर, ना बॅटरी, ना सोलर पॅनल.

"गुरुवारी संध्याकाळी सहाला आपणच या हॉलच्या दारांना सही करून पट्ट्या लावल्यात," महाराज म्हणाले. "आज शनिवार, दुपारचे बारा. बेचाळीस तास झाले. चारी बाजूंनी वाकून बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

माणसं वाकून बघू लागली. कॅनडातल्या कनाटा या उपनगरातल्या मोठमोठ्या कंपन्यांमध्ये आयुष्यभर नेटवर्क उभारलेली माणसं ती. गुडघे धरून वाकायची, काही दिसलं नाही की हात जोडूनच वर यायची. 'पूर्वाश्रमीचे एम.टेक.' असं महाराजांच्या पत्रिकेवर छापलं होतं. कुठून एम.टेक., हे एकानेही विचारलं नव्हतं.

पहिल्या रांगेत अनुया बसली होती. तिच्या मांडीवर एक पत्र होतं. त्यावर अजून सही व्हायची होती, आणि ती तिचीच हवी होती.

गोष्ट अशी, की तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाने आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या चिम्वेजा नावाच्या गावाशी मैत्री जोडली होती. गावापुरती वीज तयार करायची: शाळेच्या छपरावर पॅनल, दवाखान्यामागच्या खोलीत बॅटऱ्या, तिथून घराघरांत तारा. आखणी अनुयाची, कारण मंडळात लायसन्स असलेली विजेची इंजिनिअर तीच. चालवणार होतं गावच. गावाच्या वीज समितीची प्रमुख चिसोमो बांदा रात्री तिला फोनवर खांबांचे फोटो पाठवायची. पण परवाने, नकाशे, बॅटऱ्या जहाजाने न्यायचे नियम यांत तीन वर्षं गेली आणि चिम्वेजात एकही बल्ब लागला नाही. आता कुठे कंटेनर भरून मॉन्ट्रियलच्या गोदामात उभा होता. सोमवारी सकाळी तो बंद व्हायचा होता.

आणि नेमके आता हे महाराज उगवले. त्यांची अट एकच. बॅटरी आणि यंत्र एका छताखाली नांदत नाहीत, तेव्हा बॅटऱ्या कंटेनरमधून उतरवा. सात यंत्रं आश्रमातून विमानाने थेट गावात येतील. मोबदला? छे! फक्त एक पत्र, 'कॅनडाच्या इंजिनिअरने यंत्र तपासलं आहे' असं. ते पत्र घेऊन महाराज आणखी किती देशांत फिरणार होते, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"अनुया, अगं सही कर ना," विलासकाका तिच्या कानाशी पुटपुटले. ते मंडळाचे अध्यक्ष. "तीन वर्षं पेशंटली थांबलो आपण. बघ, समोर जळतायत दिवे. अजून काय प्रूफ पाहिजे तुला?"

दुसरं कोणी असतं तर अनुयाने फाडकन उत्तर दिलं असतं. पण सोळा वर्षांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन या देशात उतरली, तेव्हा विमानतळावर कोट घेऊन उभे होते ते विलासकाका. पहिला विंटर तिने त्यांच्याच बेसमेंटमध्ये काढला. बर्फात गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. या माणसाला दीडशे लोकांसमोर मूर्ख ठरवायचं?

"काका, बेचाळीस तास हे बल्ब जाळायला फ्रिजएवढी बॅटरी लागेल," ती हळूच म्हणाली. "ती त्या पेटीत मावत नाही. म्हणजे वीज बाहेरून येतेय. मला एकदा मीटर लावू द्या."

"मीटर?" महाराजांचे कान तिखट होते. "मुली, आईच्या मायेला कोणी तराजू लावतं का? मीटर लावला की शक्ती रुसते. खांबाला हात लावलास, तर भस्म होशील. हे शून्यबिंदूचं ऋषिविज्ञान आहे!"

"वा!" मागून कोणीतरी म्हणालं.

त्याच क्षणी सातही बल्ब मंद झाले.

पिवळा उजेड तांबूस पडला. महाराजांनी डोळे मिटले, बोट उचललं आणि सावकाश अनुयाकडे रोखलं.

"शंका," ते म्हणाले. "कुणाच्या तरी मनात शंका आली. यंत्राला यातना होतायत."

दीडशे माना तिच्याकडे वळल्या. शेजारच्या बाई खुर्ची सरकवून लांब झाल्या. "काय हे, इतकी निगेटिव्हिटी!" असं स्पष्ट ऐकू आलं. अनुयाचे कान तापले. उठून निघून जावं, असं तिला क्षणभर वाटलं.

मग बल्ब पुन्हा उजळले. लोकांनी सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्याआड, हॉलच्या टोकाच्या किचनमधून एक बारीक आवाज आला. टीं, टीं, टीं.

मायक्रोवेव्ह.

अनुया तशीच बसून राहिली. महाराज आफ्रिकेच्या अंधारावर बोलत होते. दोनेक मिनिटांनी बल्ब पुन्हा मंद झाले. "पुन्हा शंका!" महाराज गरजले. अनुयाने या वेळी महाराजांकडे पाहिलंच नाही, ती कान देऊन बसली. उजेड परतला, आणि लगेच टीं, टीं, टीं. तिसऱ्यांदाही अगदी तस्सं. घरोघरून आणलेल्या पॉटलकच्या जेवणासाठी कोणीतरी पुलाव गरम करत होतं आणि इकडे यंत्राला यातना होत होत्या!

ती उठून किचनमध्ये गेली. रश्मीकाकू, म्हणजे विलासकाकांच्या पत्नी, तिथे एकट्याच होत्या. फ्रिजवर त्यांच्याच अक्षरातला, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवला होता. मंडळातलं शेंबडं पोरही तो पाठ म्हणून दाखवेल: 'चहाचं मोठं भांडं आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावू नये. ब्रेकर जातो.' जुना हॉल, जुनं वायरिंग. दर संक्रांतीला कोणीतरी विसरायचं आणि अर्धं किचन बंद पडायचं.

"काकू, हा ब्रेकर गेला की आणखी काय काय बंद पडतं?"

"ही भिंत सगळी. आणि हॉलमधला तो जमिनीतला प्लग. पूर्वी माइक लावायचो ना, तो. हल्ली गालिच्याखाली गेलाय."

"गालिच्याखाली कुठे?"

रश्मीकाकूंनी खिडकीतून हॉलमध्ये पाहिलं. किचन आणि हॉलच्या मधल्या भिंतीला पदार्थ द्यायची मोठी खिडकी होती. त्यांची नजर लाल गालिच्यावरून खांबापर्यंत गेली आणि थांबली. हातातला डाव त्यांनी खाली ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "नारळ तिथेच उभा राहिला होता."

गुरुवारी महाराज तळहातावर आडवा नारळ घेऊन हॉलभर फिरले होते. गावाकडे पाणाडे विहिरीची जागा शोधतात ना, तसे. एका जागी नारळ ताडकन उभा राहिला. 'इथे भूमातेची नाडी आहे!' त्यांनी जाहीर केलं. त्याआधी 'शुद्धीसाठी' ते दोन तास दार लावून एकटेच आत होते. नाडी तेव्हाच सापडली असणार. आणि नारळाचं म्हणाल तर बोटाने हलका दाब दिला की तो कोणाच्याही हातावर उभा राहतो. थोड्या सरावानंतर तुमच्याही राहील.

"काकू, मी खूण केली की दोन्ही एकदम लावाल?"

रश्मीकाकूंची नजर विलासकाकांवर गेली. "अडतीस वर्षांच्या संसारात यांना मी चारचौघांत कधी खोटं पाडलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मोठ्या भांड्यात पाणी भरायला घेतलं. "तिकडे गावच्या दवाखान्यात बाळंतिणी मोबाइलच्या उजेडात असतात ना? जा तू. मी आहे इथे."

अनुया हॉलमध्ये परतली, तेव्हा व्हिडिओ कॉलने मोठ्या पडद्यावर चिसोमो आली होती. चिम्वेजात संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मागे गडद अंधार, तोंडावर फोनचा निळसर उजेड. विलासकाकांनी तिला उत्साहाने यंत्र दाखवलं. तिने ते शांतपणे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "बिघडलं तर मी काय उघडायचं?"

"हे कधीच बिघडत नाही!" महाराज म्हणाले.

"कधीच न बिघडणारी एक पवनचक्की आम्हाला पूर्वी मिळाली आहे," चिसोमो म्हणाली. "तिच्या चौथऱ्यावर आम्ही मका वाळवतो."

विलासकाकांनी पेन पुढे केलं. "अनुया. प्लीज."

अनुयाने पेन घेतलं. ती सगळ्यांकडे वळली.

"सही करते, काका. त्याआधी महाराजांच्याच शास्त्राने एक परीक्षा. मीटर नाही, मी खांबाला हात लावणार नाही. महाराज, शंकेने दिवे मंद होतात. बरोबर?"

"त्रिवार सत्य."

"मग ऐका. मला यंत्राबद्दल घोर शंका आहे. हे धादांत खोटं आहे, असं मी मनापासून म्हणते. आता एक मिनिट सगळ्यांनी बल्बकडे बघा."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरू लागला. दहा सेकंद. तीस. बल्ब ठणठणीत जळत होते. महाराजांच्या कपाळावर घाम आला. साठ.

"झालं एक मिनिट. माझ्या शंकेने काही बिघडलं नाही. आता उलट करू. सगळ्यांनी हात जोडा, मीही जोडते. श्रद्धाच श्रद्धा." ती खिडकीकडे वळली. "आणि रश्मीकाकू, तोवर चहा टाका."

"थांबा!" महाराज ओरडले. "उपासनेच्या वेळी चहा निषिद्ध..."

पण रश्मीकाकूंनी सगळ्यांना दिसेल असं भांड्याचं बटण दाबलं. बल्ब दचकून मंद झाले. मग मायक्रोवेव्हचं बटण दाबलं. बल्ब आणखी तांबडे झाले. दीडशे माणसं हात जोडून बघत होती. पाच सेकंद, दहा, वीस...

खट्!

किचनचा दिवा गेला. मायक्रोवेव्ह गप्प झाला. आणि अखंड, अक्षय, शून्यबिंदूच्या ऋषिविज्ञानाने चालणारे सातच्या सात दिवे विझले. हॉलचे बाकी दिवे मात्र शांतपणे चालू होते.

कोणीतरी म्हणालं, "ब्रेकर गेला वाटतं." सवयीने तोंडून निघून गेलं ते. मग त्याचा अर्थ त्याच्याच डोक्यात शिरला आणि जोडलेले हात खाली आले.

रश्मीकाकू पदर खोचून किचनबाहेर आल्या. भांड्याचा प्लग त्यांनी आधीच काढला होता. कॉरिडॉरमधल्या विजेच्या पेटीचं झाकण उघडून त्या म्हणाल्या, "लागा!" आणि ब्रेकर वर केला. सातही बल्ब लागले. "विझा!" विझले. "लागा!" लागले.

"बघा महाराज," त्या म्हणाल्या, "मलाही सिद्धी प्राप्त झाली."

हॉलमध्ये असा हशा उसळला की पडद्यावरची चिसोमोही दचकली. मग दोन जणांनी ब्रेकर पाडून यंत्राची पितळी पेटी उचलली. खांब आतून पोकळ होता. त्यातून काळी वायर खाली आली होती, गालिच्याला गोल भोक पाडलं होतं, आणि त्याखाली जमिनीतल्या प्लगमध्ये ती खोचलेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी उघडली. यंत्र पाहायला लोक वाकले होते, पण खांब आणि गालिचा जिथे भेटतात तिथे हात लावायची बंदी होती. सगळी जादू त्या बंदीत होती.

"ही भक्तांची परीक्षा होती..." महाराज पुटपुटले. पण त्यांना पळता भुई थोडी झाली होती. भूमातेची नाडी शोधून काढणाऱ्या त्या पुरुषाला बुटांच्या ढिगातून स्वतःचे बूट शोधायला दहा मिनिटं लागली. कोणी मदत केली नाही.

विलासकाका खुर्चीत बसून होते. म्हातारे दिसत होते. अनुया त्यांच्याजवळ गेली, तिला रडू येत होतं.

"काका, सॉरी. तुम्हाला लोकांसमोर..."

"तू कशाला सॉरी म्हणतेस?" त्यांनी मान हलवली. "मला घाई झाली होती गं. मरायच्या आत तिथे एक दिवा लागलेला बघायचा होता. घाई झालेल्या माणसाला कोणीही फसवतं. तीस वर्षं सर्किट्स टेस्ट केली मी. आणि हा माणूस 'हात लावू नका' म्हणाला, तर मी हात लावला नाही!"

ते उठले आणि पडद्यासमोर गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी चिसोमोला इंग्रजीत सांगितलं की यंत्र खोटं होतं, चूक त्यांची होती आणि बॅटऱ्या कंटेनरमध्येच राहतील.

चिसोमोने विचारलं, "त्या किती वर्षं टिकतील?"

"दहा," अनुया म्हणाली. "कदाचित बारा. मग बदलाव्या लागतील."

"छान," चिसोमो म्हणाली. "बिघडणार कधी ते कळलं. म्हणजे दुरुस्त करणारी माणसं मी आत्तापासून तयार करते."

अनुयाने ते पत्र फाडलं. सोमवारी कंटेनर बंद झाला, बॅटऱ्यांसकट.

त्या दिवशी चहा झाला तो मायक्रोवेव्ह बंद ठेवूनच. पहिला कप विलासकाकांनी स्वतः रश्मीकाकूंना नेऊन दिला. मग अनुयाकडून पेन परत घेऊन त्यांनी फ्रिजवरच्या कागदाखाली एक ओळ लिहिली. ती आजही तिथे आहे.

चमत्कार बघायला जाल तेव्हा बुद्धी बुटांबरोबर दाराशी काढून ठेवू नका. देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण जो माणूस 'बघा' म्हणतो आणि 'हात लावू नका' असंही म्हणतो, त्याला विचारा, का नको? शंका घेतल्याने खरा दिवा विझत नाही. अनुयाने पुरतं एक मिनिट शंका घेऊन पाहिली होती, आणि दिवे विझले ते चहाने. विलासकाकांनी फ्रिजवर लिहिलेली ओळ अशी आहे: 'हात लावू नका असं कोणी म्हणालं, तर आधी ब्रेकर पाडून बघावा.'