अण्णांच्या पुढचा वारा

पणजोबांनी खांद्यावरून डाक वाहिली, आजोबांनी हातगाडीवरून कोळसा आणि वडिलांनी ट्रकमधून परक्यांचा माल. चौथ्या पिढीतल्या मास्तरांनी शर्यतीची सायकल धरली, तेव्हा घरच्यांना वाटले, हा तरी स्वतःसाठी काही करील. पण मास्तरांनीही जन्मभर परक्यांचेच वाहिले: संघनायकाच्या पाण्याच्या बाटल्या, त्याचा रेनकोट आणि मुख्य म्हणजे, मागच्याचे श्रम वाचावेत म्हणून पुढे राहून झेललेला, त्याच्या वाट्याचा समोरचा वारा. पंधरा वर्षांत त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याइतकी फुरसतही त्यांना मिळाली नव्हती.

शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मास्तर हे नाव सायकलपटूंनी ठेवलेले. डोंगरातल्या टप्प्यात तालेवार मंडळी पुढे निघून जातात आणि दमलेभागले तीस-चाळीस जण मागून एकमेकांच्या आधाराने येतात. विजेत्याला लागेल त्या वेळावर शंभरास बारा एवढीच सवलत. तेवढ्यात जो पोचला नाही, त्याची शर्यत त्याच दिवशी संपली. किती जोर लावला म्हणजे मुदतीत पोचू आणि उद्यासाठी अंगात काही उरेल, हे गणित मास्तर चालत्या सायकलवर तोंडी करीत, आणि सगळ्या संघांचे लोक ते मुकाट मानीत.

तीन आठवड्यांच्या त्या मोठ्या शर्यतीचे तीनच दिवस उरले होते. सकाळी मॅनेजरने हॉटेलच्या जिन्यातच मास्तरांना गाठले.

"शर्यत पुरी करा, पुढच्या वर्षाचा करार माझ्याकडे लागला. अर्ध्यात सुटलात, तर मात्र माझं काही चालायचं नाही."

मास्तरांचे वय सदतीस, आणि दुसरा धंदा येत नव्हता. खोलीत जाऊन गुडघ्यांना मलम चोळता चोळता त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, लेक विचारतेय, बाबा टीव्हीवर का दिसत नाहीत?"

"सांग तिला, कॅमेरा पुढे असतो. मी मागे, आब राखून येतो."

"पुरे झाला आब. मुदतीत पोचा म्हणजे झालं."

सुरुवातीच्या रेषेपाशी अण्णा उभे होते. वय एकेचाळीस, संघ दुसरा, आदल्या दिवशी पडल्यामुळे मांडीला जाळीची पट्टी. "ही माझी शेवटची रे," एवढेच ते म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी दोघे एकाच संघात होते. याच शर्यतीत नवख्या मास्तरांच्या अंगात ताप होता. अण्णांनी त्यांच्यासाठी मागे थांबून अख्खा घाट त्यांच्यापुढचा वारा झेलला. मास्तर आठ सेकंद राखून मुदतीच्या आत आले. शेवटच्या वळणावर पाय गेलेले अण्णा बाहेर राहिले. त्या वर्षी अण्णांची संघातली जागा गेली. पुढे पाच वेळा त्यांनी ही शर्यत धरली, पण पुरी एकदाही झाली नाही. इतक्या वर्षांत अण्णांनी तो विषय काढला नव्हता. उपकार एकदा बोलून दाखवला असता, तर मास्तरांचे निम्मे ओझे उतरले असते; पण अण्णांच्या ठायी तेवढीही दया नव्हती.

टप्प्याचा शेवट घाटमाथ्यावर होता. माथा नऊ किलोमीटर राहिला असताना मास्तरांच्या मागच्या घोळक्यात निरोप आला: अण्णा घोळक्यातून सुटले, दोन मिनिटे मागे आहेत.

"मास्तर, हातात किती?" कोणीतरी विचारले.

"चार मिनिटं. याच चालीने चला, शहाणपणा करू नका." मास्तरांनी पाय थांबवले.

"आणि तुम्ही कुठे?"

"चाक जरा घासतंय."

"चाक घासतंय म्हणे! थापा कुणाला मारता?"

चाळीस जणांना एकदम घरी धाडायला पंचांची जीभ रेटत नाही. एकट्यादुकट्याला मात्र ते मान वर न करता बाहेर काढतात. हे मास्तरांइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ते रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभे राहिले.

अण्णा वळणावरून आले ते तोंड वासूनच. "इथे काय करतोयस?"

"तुमची वाट बघतोय. घड्याळ घरी विसरलात?"

"गाढवा, पुढे जा! बायको-पोर आहे तुला."

"मागच्या चाकाला चिकटा आणि बोलणं बंद करा. दम जातो."

साडेआठ किलोमीटर मास्तरांनी अण्णांना एकदाही पुढे येऊ दिले नाही. गणित मनात चालूच होते आणि उत्तर दर वळणाला वाईट येत होते. चारशे मीटर उरले आणि त्यांच्या मांडीत गोळा आला. पाय लाकडासारखा झाला. अण्णांनी ब्रेक दाबला.

"थांबू नका!"

"अरे, पण तुझा करार—"

"माझं मी बघेन! जा म्हणतो ना, अण्णा!"

वडीलधाऱ्या माणसावर ते जन्मात पहिल्यांदा ओरडले. अण्णा गेले. सहा सेकंद राखून आत गेले. मास्तर एका पायाने पायडल मारीत पोचले, तेव्हा मुदत उलटून एकवीस सेकंद झाले होते. पंचाने त्यांच्या पाठीवरचा क्रमांक टाचण्या काढून उतरवून घेतला. मॅनेजरने तोंड फिरवले. करार गेला.

अखेरच्या दिवशी मास्तर साध्या कपड्यांत, खांद्याला बॅग अडकवून, शेवटच्या रेषेजवळच्या कठड्यामागे उभे होते. विजेता केव्हाच आला होता; गर्दी पांगली होती. झाडूवाले रस्त्यावरचे कागद गोळा करीत होते. बऱ्याच वेळाने शेवटून दुसरे अण्णा आले, चुन्यासारखे पांढरे पडलेले, आणि रेषा ओलांडून कठड्याला टेकले. त्यांची शर्यत पुरी झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अकरा वर्षांचे देणे पै न पै फिटले होते.