निरोप नेणाऱ्या बायकांचा टेलिफोन

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. तबकडीत बोट घालून फिरवायचा, राखाडी रंगाचा. जन्मलो सरकारी कारखान्यात आणि नांदलो तुळिंजला, वसुंधरा नलावडे यांच्या पुढच्या खोलीत. त्यांचे पती शांताराम फौजेत हवालदार. सुट्टी संपवून निघताना ते मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "हिला सोबत कर रे बाबा."

आमच्या वसई तालुक्यात फौजींची घरे विखुरलेली. कामण गावात एक, होळी गावात दुसरे. फोन फारच थोड्यांकडे. कुणी इस्पितळात पडला तरी घरी कळेपर्यंत तो बरा झालेला असे. म्हणून वसुंधराबाईंनी चार बायका जमवून सैनिक कुटुंब संपर्क केंद्र सुरू केले. पगार नाही, कचेरी नाही. पाळीपाळीने माझ्याजवळ बसायचे, पलटणीचा निरोप आला की त्या घरी जायचे. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. "वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. दोघींनी जायचं. एकीने बोलायचं, दुसरीने धरायचं."

कारगिलच्या उन्हाळ्यात मी दिवसभर खणखणत असे. एके दुपारी कामणच्या भागूबाईंचा मुलगा अल्पेश गेल्याची खबर आली. वसुंधराबाई आणि होळीची रेजिना एसटीने निघाल्या. परतल्यावर रेजिना माझ्याशेजारी बसून रडत सांगत होती, "त्यांनी आम्हाला दारात बघितलं आणि काही विचारलंच नाही. 'आदी पानी प्या,' म्हणाल्या, 'मंग सांगा.'" तिचा स्वतःचा नवरा तेव्हा सीमेवरच होता. त्या पावसाळ्यात वसुंधराबाई भागूबाईंच्या शेतात आवणीला, भाताची रोपे लावायला उभ्या राहिल्या.

आमचे फार कौतुक झाले. पुढाऱ्यांनी बाईंना शाल दिली, मला झेंडूचा हार घातला, वर्तमानपत्रात फोटो आला. मी अगदी फुगून गेलो होतो.

लढाई संपली आणि माझ्याजवळची खुर्ची रिकामी राहू लागली. रेजिना नवऱ्याच्या बदलीबरोबर बेळगावला गेली. कुणाला नोकरी लागली, कुणाच्या मुलांच्या परीक्षा आल्या. समोरच्या दारातली संपदा म्हणाली, "काकू, आता टीव्हीवर काहीच दाखवत नाहीत. कशाला बसायचं?" वसुंधराबाई एकट्याच बसू लागल्या.

पुढे फौज पुन्हा सीमेवर गेली. लढाई काही झाली नाही, म्हणून कुणाचे तिकडे लक्षही नव्हते. एका सकाळी मी वाजलो. बाईंनी नेहमीप्रमाणे केंद्राचे नाव सांगितले. पलीकडून एक कोवळा आवाज अदबीने बोलला, "मॅडम, एक खबर पहुँचानी है. हवालदार शांताराम नलावडे. सुरंग बिछाते वक्त हादसा हुआ. नहीं रहे. उनकी पत्नी को फोन पे मत बताइएगा. आप लोग दो जने जाते हैं ना?"

त्या पोराला काय ठाऊक, आपण कुणाशी बोलतोय!

मित्रांनो, आपली तार आत्ताच्या आत्ता तुटावी, असे मला तेव्हा वाटले. वसुंधराबाई म्हणाल्या, "जी. हम बता देंगे." आणि त्यांनी मला हळूच जागेवर ठेवले.

मग पदर सारखा करून त्यांनी समोरचे दार वाजवले. दोन्ही दारे उघडी होती, मला सगळे ऐकू येत होते.

"संपदा, एका घरी निरोप न्यायचाय. बरोबर दुसरी कुणी नाही गं."

"आज नको ना काकू, पाहुणे यायचेत. कुठं जायचंय?"

"इथंच. माझ्या घरी."

संपदाच्या हातातली परात पडली.

दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेले होते. पुढारी आले, केंद्राला हवालदारांचे नाव देऊ, म्हणाले. बायकांनी डोळे पुसत माना डोलावल्या. पाहुणे पांगल्यावर त्या बायकांतली एकही माझ्याजवळ येऊन बसली नाही. वसुंधराबाई मला संपदाकडे सोपवून साताऱ्याकडे, गावी निघून गेल्या. त्यानंतर किती पलटणींनी माझा नंबर फिरवला असेल, कुठल्या बाईला कुणी कसे सांगितले असेल, मला कळायला मार्ग नाही. मी आता संपदाच्या माळ्यावर पडून आहे.

मला खाली काढून पुसा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्या इमारतीत, तुमच्या आळीत एखाद्या फौजीचे घर असेलच. लढाई लागायची वाट पाहू नका. आजच, काहीही झालेले नसताना, तिथे जाऊन घटकाभर बसा.