पदराखालची डबी

पालमच्या भगवानरावांची एकच हौस राहिली होती, सुनेशी चार गोष्टी बोलायच्या. सून मालनबाई. लग्नाआधीच तापात तिचे कान गेले होते. घरचे तिच्याशी हातवारे करून बोलत, नाहीतर गावभर ऐकू जाईल असं ओरडत. भगवानरावांना दोन्ही जमेना. म्हणून एस.टी.चे धक्के खात ते औरंगाबादला गेले आणि तिच्यासाठी ऐकायचं मशीन घेऊन आले. आवाज टिपणारी, काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिची वायर आणि कानात घालायचं बोंड.

मालनबाईनं डबीसाठी चोळीला खिसा शिवला आणि वरून पदर ओढून घेतला. सासऱ्यासमोर छातीवर डबी मिरवायची म्हणजे काय? आपल्याकडे लाज आधी, कान मागून.

भगवानराव बोलायला लागले की तिला नुसती खरखर ऐकू येई, सुपात वाळू पाखडावी तशी. ती मान खाली घालून बसे. मग म्हातारा उठून ओसरीत जाई.

मशीन बिघडलं म्हणून नवरा किशनराव ते उघडून बसे. सेल बदली, पितळेच्या पट्ट्या घाशी, बोंडातला मळ काडीनं काढी. मग डबी तळहातावर धरून बोले, आणि मालनबाईला शब्दन् शब्द कळे.

"मशीन ठणठणीत हाय," तो म्हणे. "तुजंच ध्यान नसतंय."

ती बिचारी तेही खरं मानी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा कारभार.

शेजारच्या सुलाबाईशी बोलताना मात्र ती डबी बाहेर काढून मांडीवर ठेवी आणि खळखळून हसे. भगवानराव तेव्हा आजारी होते. ओसरीतल्या बाजेवर पडल्या पडल्या ते हे बघत.

शेवटच्या दिवशी त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. सासू धुरपताबाई उशाशी बसली होती. ती लगबगीनं आली, डबी आत सारली, पदर सारखा केला. ते काहीतरी बोलले, पुन्हा बोलले. तिला खरखर. मग त्यांनी कसाबसा हात उचलून तिच्या पदराकडे बोट दाखवलं. पदर ढळला असेल असं वाटून ती शरमली आणि तिनं तो आणखी पुढं ओढला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

तेराव्यानंतर बायका बसल्या होत्या. डबी मालनबाईच्या मांडीवर होती. सासू धुरपताबाई सुलाबाईला सांगत होती की जाताना म्हातारा चळला होता, सुनेला भलतंच बोलला, म्हणून आपण ते कुणापाशी काढलं नाही. सुलाबाईनं विचारलं, काय बोलले?

"म्हनले, डबी पदराभाईर ठिव, मालन. मी बापच हाय की तुजा."

मालनबाईनं ते स्पष्ट ऐकलं. तिला इतकं वाईट वाटलं की रडूही येईना. ती उठून ओसरीत गेली, डबी पदराच्या वर काढली आणि रिकाम्या बाजेवर टेकली. बाजेचं सुंभ करकरलं, ते तिला ऐकू आलं. आत धुरपताबाई रडायला लागली. सासू रडताना कसा आवाज काढते हे तिला आज कळलं. सासऱ्यांचा आवाज कसा होता, ते आता कुणाला विचारायचं?