मुऱ्हा, मुरा आणि मोरे

नानासाहेब मोरे यांचं चितेगावजवळ पशुखाद्याचं मोठं दुकान आहे. पैठण रोडनं जाताना त्यांचा फलक लांबूनच दिसतो. पेंडीची पोती कडेला आणि मधोमध नानासाहेब. फोटो कशाचाही असो, मध्ये आपण असावं असं त्यांना मनापासून वाटतं.

त्यांनी जनावरांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट काढायची ठरवली. तिचं नाव ‘दावण’. काम दिलं सुलेखा खरात आणि अभय जाधव या दोघांना. शहरातल्या छावणी भागात एका बेकरीच्या वर त्यांचं लहानसं ऑफिस होतं. खाली भट्टी लागली की वर दोघांना भूक लागायची, म्हणून अवघड कामं सकाळीच उरकायची असा त्यांचा नियम होता.

“गिऱ्हाइकानं घरी बसून म्हैस बघायची,” नानासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “बाजारात उन्हातान्हात हिंडायचं कामच नाय.”

वेबसाइट तयार झाली. लोकांनी फोटोसकट आपल्या म्हशी तिच्यावर चढवल्या. आणि नानासाहेबांचा फोन आला.

“सुलेखाताई, ही वेबसाइट आंधळी हाय का वं? एवढ्या मुऱ्हा म्हशी चढवल्यात, अन् शोधलं की दोनच दिसायल्यात!”

सुलेखानं पाहिलं. म्हशी होत्या, पण कुणी ‘मुऱ्हा’ लिहिलं होतं, कुणी ‘मुर्रा’, कुणी ‘मुरा’. एकानं तर ‘मूर्हा’ लिहून पुढं ‘ओरिजिनल’ जोडलं होतं. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार साच्यावर, वेबसाइट उभी होती त्यात शोधासाठी तयार फिल्टर होते, पण ते फार सरळ स्वभावाचे. अगदी हाच शब्द शोध, हा शब्द ज्यात आहे ते शोध, या शब्दानं सुरू होणारं शोध. मुऱ्हा आणि मुरा ही एकच म्हैस आहे, हे त्यांना कोण सांगणार?

“यादी देऊन टाकू,” अभय म्हणाला. “लोक त्यातून जात निवडतील.”

नानासाहेबांनी ते उडवून लावलं. “आमची माणसं फोनात बोलून लिव्हत्यात. फोनाला जे ऐकू यील ते उमटतं. तुमी त्यातनंच शोधायचं.”

फ्रेमवर्कला आपला स्वतःचा नवा फिल्टर जोडता येतो, हे सुलेखाला माहीत होतं. कधी वेळ आली नव्हती एवढंच. तिनं बाकीची कामं बाजूला सारली आणि भिडली. शब्दातल्या मात्रा काढून टाकायच्या, ऱ आणि र एकच धरायचे, दोनदा आलेला र एकदाच मोजायचा, ह असला काय अन् नसला काय. एवढं करून जो सांगाडा उरेल तो जुळला की शब्द जुळला. या फिल्टरचं नाव तिनं ठेवलं ‘उच्चारी’. पहिल्यांदा चालवला तेव्हा काहीच सापडलं नाही. दुसऱ्यांदा सगळंच सापडलं, अगदी कोंबड्यासुद्धा. शेवटी एका दुपारी तिनं ‘मुरा’ लिहिलं आणि सगळ्या मुऱ्हा म्हशी एकाखाली एक उभ्या राहिल्या.

“अभय, इकडं ये! बघ!”

अभयनं पाहिलं आणि तो खाली जाऊन गरम खारी घेऊन आला.

त्या आनंदात दोन गोष्टी झाल्या. प्रत्येक रकान्याला फिल्टर वेगळा जोडत बसण्यापेक्षा सुलेखानं तो मजकुराच्या सगळ्या रकान्यांना एकदमच जोडून टाकला. आणि अभयनं शोधाची पेटी जात, गाव, विकणाऱ्याचं नाव असं सगळीकडं शोधेल अशी करून ठेवली. “कुणी काही टाकलं तरी सापडलं पाहिजे,” तो म्हणाला.

उद्घाटन चितेगावच्या मंगल कार्यालयात झालं. मांडव, हार, मोठा पडदा, आणि बायका-पुरुषांनी भरलेल्या खुर्च्या. प्रमुख पाहुणे होते मोतीराम, दूध संस्थेचे अध्यक्ष. नानासाहेबांशी त्यांची मैत्रीही होती आणि शाळेपासूनची चढाओढही. सुलेखा लॅपटॉपपाशी बसली होती. सकाळीच तिनं साइटवरच्या सगळ्या जातींची नावं तपासली होती आणि सगळं नीट चाललं होतं.

तिला एक माहीत नव्हतं. सकाळी तिनं तपासल्यावर, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी नानासाहेबांनी स्वतःची एक गावरान म्हैस स्वतःच्या हातानं चढवली होती. आणि फोटोत, अर्थातच, मध्ये ते उभे होते. म्हशीचं फक्त एक शिंग त्यांच्या फेट्यामागून डोकावत होतं.

“अध्यक्षांनी कोणती बी म्हैस मागावी,” नानासाहेबांनी माइकवर सांगितलं. “वेबसाइट हजर करंल!”

मोतीराम उठले. फोन तोंडाजवळ धरून ते मोठ्यानं म्हणाले, “मुऱ्हा!”

फोननं लिहिलं ‘मुरा’. सुलेखाच्या फिल्टरनं त्याचा सांगाडा काढला, म आणि र. मग तो सगळे रकाने धुंडाळत निघाला. विकणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्याला ‘मोरे’ भेटले. त्यांचाही सांगाडा म आणि र. आणि नुकतीच चढवलेली म्हैस यादीत सगळ्यात वर दिसायची.

पडद्यावर फेटा बांधलेले नानासाहेब मोरे अवतरले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘जात: गावरान. स्वभाव: गरीब. मारकी नाही. वैरण कमी लागते. घरी येऊन तपासून घ्यावी.’

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मोतीरामांनी चष्मा वर केला, पडद्याकडं पाहिलं, नानासाहेबांकडं पाहिलं आणि म्हैस किती वेळा व्यायली हे विचारावं तसं माइकवरच विचारलं, “नाना, कितव्या वेताचे वं तुमी?”

मांडव कोसळेल की काय असं हसू उठलं. बायकांच्या रांगेत नानासाहेबांच्या पत्नी मुक्ताबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेजारणीनं कोपर मारलं तशा त्या म्हणाल्या, “वैरण कमी लागती हे साफ खोटं हाय.” ते सगळ्यांना ऐकू गेलं. हसू पुन्हा सुरू झालं.

सुलेखाला जमीन दुभंगावी असं वाटलं. ती पडदा बंद करायला गेली, तर घाईत दुसरंच बटण दाबलं गेलं आणि नानासाहेब दुप्पट मोठे झाले.

त्याच संध्याकाळी हा व्हिडिओ गावोगावच्या फोनवर पोचला. दुसऱ्या दिवशी नानासाहेब ऑफिसात आले. बसलेसुद्धा नाहीत.

“तो फिल्टर काढून टाका.”

“नाना, चूक माझी आहे. पण फिल्टर वाईट नाही. तो कुठं लावायचा एवढंच...”

“काढा म्हणलं ना!”

सुलेखानं काढला. आठवड्याभराची मेहनत एका ओळीत बंद झाली. अभयनं खारी आणली, पण तिनं हात लावला नाही.

मग पडेगावच्या भागूबाईंचा फोन आला. घरोघर दूध घालायचा त्यांचा धंदा होता. “ताई, परवा मुऱ्हा म्हशी लई दिसायल्या, आज दोनच. बाकीच्या इकल्या का काय?”

सुलेखा म्हणाली, “मावशी, हे जरा मालकांना सांगता का?” तिनं नानासाहेबांना त्याच फोनवर जोडून घेतलं.

“तुमचा व्हिडिओ बघूनच मला साइटीचं कळलं,” भागूबाईंनी त्यांना सांगितलं. “आमच्या आळीत सगळ्यांनी बघितला.”

“समद्यांनी?” नानासाहेबांनी विचारलं.

“समद्यांनी. अन् ती तुमची गावरान बी बघायची होती मला. पण तुमी मधी हायसा. जरा सरकलासा तर कास दिसंल.”

 पलीकडून खर्र असा आवाज आला. सुलेखाला वाटलं लाइन गेली. पण नानासाहेब हसत होते, आधी दाबून आणि मग मोकळ्यानं.

“लावा ताई तो फिल्टर,” ते म्हणाले. “पर मोऱ्यांना वगळून.”

सुलेखानं तो या वेळी फक्त जातीच्या आणि गावाच्या रकान्याला जोडला. मग मोरे, मोहरे, मारे, मीरा अशी सुचतील तेवढी नावं घालून तपासण्या लिहिल्या आणि त्या सगळ्या पार पडल्यावरच उठली. आपण हे आधी का केलं नाही, याची तिला लाज वाटली. पण आता फिल्टर पक्का झालाय, याचं समाधान त्याहून मोठं होतं.

भागूबाई नानासाहेबांची गावरान म्हैस बघायला चितेगावला निघाल्या तेव्हा सुलेखाही गेली. इतके दिवस ज्या म्हशी पडद्यावर शोधत होती, त्यातली एक तरी तिला जवळून बघायची होती. भागूबाईंनी दात पाहिले, कास चाचपली, चार धारा काढून पाहिल्या आणि मान हलवली. सौदा झाला. मुक्ताबाईंनी चहा आणला.

“ताई,” बशीत चहा ओतत नानासाहेब म्हणाले, “आता शेळ्या बी चढवायच्यात. उस्मानाबादी.”

उस्मान, उसमान, ऊस्मान, आबादी, अबादी. सुलेखाच्या डोक्यात मात्रा गळायला लागल्या.

“चढवा नाना,” ती म्हणाली. “फक्त आधी चार जणांना माझ्यासमोर फोनात ते नाव बोलायला लावा.”