काकांच्या डोळ्यांखालचे खड्डे

वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार खिडकीवर बसणारे काका कामाला तसे यथातथाच, पण त्यांच्या डोळ्यांखालचे खड्डे लाखात एक. भांडायला कंबर कसून आलेला माणूस ते खड्डे बघायचा आणि ‘जाऊ दे, ह्याचंच काही खरं नाही’ म्हणत मुकाट घरी जायचा. साहेब खूश होते. काकू नव्हत्या. तुमच्याकडे बघितलं की घास उतरत नाही, असं सांगून त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या.

शेवटी काकांनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सुईने फिलर भरून घेतला. खड्डे गायब. काकू समोर बसून जेवू लागल्या.

ऑफिसात मात्र बोंब झाली. आमचे कपडे पाण्यात कुजतायत आणि तुम्ही मजेत, असं म्हणत एका बाईंनी ओला टॉवेल खिडकीतून आत भिरकावला. साहेबांनी बजावलं, की खड्डे परत आणा, नाहीतर गोदामात बदली.

औषधाने फिलर विरघळवता येतो, पण काकू ऐकेनात. आत्ता कुठे माणसात आलेत, म्हणाल्या. मग तोडगाही त्यांनीच काढला. रोज सकाळी काकांना खुर्चीत बसवून, हनुवटी धरून त्या तपकिरी पावडरीने खड्डे रंगवू लागल्या.

“हलू नका हो, डावा उथळ झालाय.”

इतक्या जवळून त्यांनी काकांना लग्न झालं तेव्हाही पाहिलं नव्हतं. रंगवता रंगवता गप्पा व्हायच्या. संध्याकाळी काकू स्वतःच कापसाने रंग पुसून काढायच्या. ह्या वयात काका चक्क सुखात होते, आणि खिडकीपुढे लोक त्यांची कीव करत होते.

वर्ष सरलं, फिलर विरला. एका सकाळी काकूंनी हनुवटी धरली, निरखून पाहिलं आणि डबी मिटली. आपोआप आलेत, सुटले मी, म्हणत त्या चहा ठेवायला गेल्या. काका खुर्चीतच बसून राहिले. त्यांना फार एकटं वाटलं.

दुपारी अर्धी रजा टाकून त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई हसल्या. तरुण दिसायची चटक लागली वाटतं, म्हणाल्या.

“छे हो,” काका म्हणाले. “खरे खड्डे असले की बायको हनुवटी धरत नाही.”